पिशवीवरील नाव आणि न्यायालयाचा निवाडा
(भोर येथील वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



भोर-वेल्ह्यांतील आपली कित्येक कुटुंबे आता तांदूळ, पापड, मसाले पिशवीबंद करून पुण्यास पाठवितात. पिशवीवर बहुधा ‘राजगड’ किंवा ‘तोरणा’ हे नाव असते. त्या नावाची व्यापारचिन्ह म्हणून नोंदणी होईल काय, असा प्रश्न मला वारंवार विचारण्यात येतो. कायदा १९९९ चा आहे. तथापि निबंधक अर्ज पारखतो तो न्यायालयांनी घालून दिलेल्या मापाने.

‘सिमला’ हे नाव सिगारेटसाठी मागणाऱ्या इम्पीरियल टोबॅको कंपनीस कलकत्ता उच्च न्यायालयाकडूनही ते मिळाले नाही (१९७७). स्थळनाम सर्वांचे असते. वेल्हे तालुक्यालाच २०२४ साली ‘राजगड’ हे नाव देण्याचा निर्णय झाल्यावर त्या शब्दावर एकट्याने हक्क सांगणे अधिकच बिकट! धर्मग्रंथाच्या नावाचेही तेच. अगरबत्तीसाठी ‘रामायण’ या नावाची मक्तेदारी सर्वोच्च न्यायालयाने २०१५ साली नाकारली. दीर्घ वापराने स्थळनामास आपल्या मालाची ओळख प्राप्त झाली असल्यास मार्ग मोकळा असतो, पण तो वापर अर्जापूर्वीचा असून कागदोपत्री सिद्ध व्हावा लागतो.

मला सर्वांत बोधप्रद वाटतो तो १९६२ चा ‘अमृतधारा’ खटला. ‘लक्ष्मणधारा’ नावाचे औषध १९२३ पासून विकणाऱ्या गृहस्थांनी नोंदणी मागितली. ‘अमृतधारा’वाल्यांनी हरकत घेतली. दोन्ही शब्द शेजारी ठेवून अक्षरे मोजू नयेत, सामान्य बुद्धीच्या व अपुऱ्या आठवणीच्या गिऱ्हाइकाची फसगत होईल काय ते पाहावे, असे सर्वोच्च न्यायालयाने ठरविले, आणि नावे फसवी ठरली. परंतु प्रतिपक्ष प्रामाणिकपणे व्यापार करीत असता अमृतधारावाले वर्षानुवर्षे गप्प राहिले होते. म्हणून ‘लक्ष्मणधारे’स नोंदणी मिळाली, मात्र केवळ उत्तर प्रदेशापुरती. मौनाची एवढी किंमत!

तेव्हा आपल्या नावासारखे नाव व्यापारचिन्ह-पत्रिकेत प्रसिद्ध झाल्यास चार महिन्यांच्या आत हरकत नोंदवावी. भाऊबंदांनी एकच नाव दोन पिशव्यांवर छापण्याआधी आपसांत लेखी ठरवावे. नंतरचे भांडण वकिलांच्या कामी येते. नवे नाव निवडताना गडाऐवजी एखादा घडविलेला शब्द घ्यावा, असे माझे मत आहे.

नोंदणी दहा वर्षे टिकते, पुढे नूतनीकरण करावे लागते. ज्यांचा अर्ज द्यावयाचा विचार असेल, त्यांनी सभेनंतर जुनी बिले व पिशवीचा नमुना घेऊन मला भेटावे.