गाडीचा नंबर आणि बघणाऱ्याची नोंद

२०१० सालच्या उन्हाळ्यात इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅम शहरात येणाऱ्या-जाणाऱ्याची नजर हटकून वर जात होती. स्पार्कब्रुक आणि वॉशवुड हीथ या भागांतल्या रस्त्यांवर नवेकोरे खांब उभे राहिले होते, खांबांवर कॅमेरे बसले होते आणि त्या कॅमेऱ्यांवर प्लास्टिकच्या पिशव्या चढवलेल्या होत्या. पिशव्या चढवल्या होत्या पोलिसांनीच. कॅमेरे अजून सुरू झालेले नाहीत, कुणाचं काही टिपलं जात नाही, याची लोकांना खात्री पटावी म्हणून. लोकांना खात्री पटत नव्हती, आणि त्याला तसंच कारण होतं.

या वस्त्यांमध्ये मुख्यतः मुस्लिम कुटुंबं राहतात. कित्येकांचे आजे-पणजे काश्मीरच्या मीरपूर भागातून गिरण्या-कारखान्यांत काम करायला आलेले.  अशा या भागात शिरणाऱ्या आणि तिथून बाहेर पडणाऱ्या रस्त्यांवर गाड्यांचे नंबर वाचणारे कॅमेरे अशा बेताने लावले होते की नोंद झाल्याशिवाय गाडी आत येणं किंवा बाहेर जाणं कठीण व्हावं. कॅमेऱ्यांची संख्या दोनशेहून अधिक. त्यांतले ७२ लपवून बसवलेले. खर्च सुमारे ३० लाख पौंड. रहिवाशांना सांगण्यात आलं की हे सगळं वाहनचोरी, अमली पदार्थ आणि रस्त्यावरची गुंडगिरी यांना आळा घालण्यासाठी आहे. त्यांनी निवडून दिलेल्या नगरसेवकांचीही समजूत तशीच होती.

जून २०१० मध्ये ‘गार्डियन’ या वृत्तपत्राने पैशाचा माग काढला. हा निधी आला होता दहशतवादविरोधी कामासाठी राखून ठेवलेल्या रकमेतून. या योजनेचं नाव होतं ‘प्रोजेक्ट चँपियन’.

मग जो संताप उसळला, तो नीट समजून घ्यायला हवा. या वस्त्यांतही गाड्या चोरीला जातात, तिथल्या आईबापांनाही कोपऱ्यावर उभ्या राहणाऱ्या गर्दविक्यांची धास्ती असतेच. पोलिसांनी खरं कारण सांगून लोकांना बोलावलं असतं, तर चार कॅमेरे त्यांनी कदाचित आपणहून मागून घेतले असते. आपल्या संपूर्ण मोहल्ल्याकडे संशयित म्हणून पाहिलं गेलं आणि वर ते आपल्यापासून लपवलं गेलं, हे त्यांच्या जिव्हारी लागलं. सभा झाल्या, पार्लमेंटात प्रश्न गेला. शेवटी दुसऱ्या पोलीस दलाच्या, म्हणजे टेम्स व्हॅलीच्या प्रमुख सारा थॉर्नटन यांच्याकडे चौकशी सोपवण्यात आली. त्यांनी सप्टेंबरअखेर दिलेल्या अहवालात आपल्याच सहकाऱ्यांना पाठीशी घातलं नाही. ही योजना आखताना कायद्याच्या चौकटीचा पुरेसा विचार झालेला नाही आणि सुरुवातीलाच तिला कुणीतरी हरकत घ्यायला हवी होती, असं त्यांनी स्वच्छ लिहिलं. वेस्ट मिडलंड्सचे पोलीसप्रमुख ख्रिस सिम्स यांनी जाहीर माफी मागितली. २०११ मध्ये सगळे कॅमेरे उतरवले गेले. ते एकदाही सुरू झाले नव्हते. पुढच्याच वर्षी ब्रिटनने नागरी स्वातंत्र्याच्या रक्षणासाठी जो कायदा केला, त्यात अशा कॅमेऱ्यांसाठी आचारसंहिता आली आणि त्यावर लक्ष ठेवायला स्वतंत्र आयुक्तही आला.

नंबर वाचणाऱ्या कॅमेऱ्यांचं हे तंत्र काही कालपरवाचं नाही. ब्रिटिश पोलिसांच्या संशोधन शाखेने ते १९७६ मध्येच विकसित केलं. कॅमेरा येणाऱ्या गाडीची नंबर प्लेट टिपतो, संगणक त्या चित्रातली अक्षरं आणि आकडे वाचतो, त्याला वेळ, तारीख आणि ठिकाण जोडतो, आणि चोरीच्या किंवा पोलिसांना हव्या असलेल्या गाड्यांच्या यादीशी ते ताडून पाहतो. जुळलं की जवळच्या गस्तीच्या गाडीला इशारा जातो. सगळा कारभार डोळ्याची पापणी लवेपर्यंत आटोपतो.

त्याचा उपयोग नाकारण्यात अर्थ नाही. नोव्हेंबर २००५ मध्ये ब्रॅडफर्डला दरोडेखोरांनी एका महिला पोलीस शिपायाला गोळ्या घालून ठार मारलं, तेव्हा पळून गेलेल्या गाडीचा माग याच कॅमेऱ्यांनी काढून दिला आणि तपासाला दिशा मिळाली. मुलाला पळवून नेणारी गाडी, कुणाला उडवून पसार झालेला ट्रक, रात्रीत गायब झालेली दुचाकी, या सगळ्यांत पोलिसांच्या हाती असं साधन असावं, असंच कोणालाही वाटेल.

प्रश्न पुढे सुरू होतो. कॅमेऱ्याला चोर आणि साव सारखेच. तो प्रत्येकाचाच नंबर टिपतो. कॅलिफोर्नियाच्या राज्य लेखापरीक्षकांनी फेब्रुवारी २०२० मध्ये लॉस एंजेलिस पोलिसांकडची साठवण तपासली, तेव्हा तिथे ३२ कोटी चित्रं जमा झालेली आढळली. त्यांतली ९९.९ टक्के चित्रं अशा गाड्यांची होती, ज्या पोलिसांच्या कुठल्याही यादीत नव्हत्या. म्हणजे जवळजवळ सगळा साठा कामावर, बाजारात, दवाखान्यात, देवदर्शनाला जाणाऱ्या साध्या माणसांचा. एका दिवसाच्या नोंदीतून फारसं काही कळत नाही. पण वर्षभराच्या नोंदी ओळीने मांडल्या, की कोण कुणाकडे किती वेळा जातो, कोणत्या डॉक्टरकडे जातो, कोणत्या पक्षाच्या कार्यालयासमोर त्याची गाडी उभी असते, हे कागदावर उतरतं.

आणि हा कागद वाचणारीही माणसंच असतात.

अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात सेज्विक नावाचं एक छोटंसं गाव आहे. तिथल्या पोलीसप्रमुखाने २०२३ मध्ये चार महिन्यांहून अधिक काळ ही यंत्रणा वापरून आपल्या पूर्वीच्या मैत्रिणीच्या आणि तिच्या नव्या मित्राच्या गाडीचा शोध घेतला. एकूण २२८ वेळा, त्यांतले १६४ शोध एकट्या तिच्या गाडीचे. त्याच्या आदल्याच वर्षी, जवळच्या केची गावातल्या एका पोलीस अधिकाऱ्याला आपल्यापासून वेगळ्या राहणाऱ्या पत्नीचा असाच माग काढल्याबद्दल अटक झाली होती. त्या बायकांच्या बाजूने जरा विचार करून पाहावा. नको असलेला माणूस पुन्हा पुन्हा आडवा येत असेल, तर बाई तक्रार करायला जाते पोलीस ठाण्यात. इथे ठाण्याचा प्रमुखच तो माणूस.

२२८ आणि १६४ हे आकडे कळले कसे? यंत्रणेत कोणत्या अधिकाऱ्याने, कधी, कोणता नंबर शोधला याची नोंद आपोआप होत होती म्हणून. नोंद होती, पण चार महिने ती कुणी उघडून पाहिली नाही. माणूस गणवेश चढवून देव होत नाही, हे धरूनच कायदा करावा लागतो. म्हणूनच ती नोंद ठराविक मुदतीने तिऱ्हाइताने तपासायची, असा नियमच हवा.

मिनेसोटा राज्याने तो केला, तो मात्र ठेच लागल्यावर. तिथे टिपलेल्या गाड्यांच्या नोंदी त्या काळी सार्वजनिक दस्त समजल्या जात, अर्ज केला की कुणालाही मिळत. ऑगस्ट २०१२ मध्ये मिनियापोलिसच्या ‘स्टार ट्रिब्यून’ वृत्तपत्राने खुद्द महापौर आर. टी. रायबॅक यांच्या गाडीच्या नोंदी मागवल्या आणि वर्षभरात त्यांची गाडी ४१ वेळा कुठे कुठे टिपली गेली हे नकाशासह छापलं. महापौरांना जे वाटलं असेल, ते रस्त्यावरच्या कुठल्याही माणसाला वाटण्यासारखंच होतं. चर्चा लांबली, पण २०१५ मध्ये कायदा झाला. गुन्ह्याशी संबंध नसलेली नोंद ६० दिवसांत पुसायची, यंत्रणेच्या वापराची नोंदवही ठेवायची आणि दर दोन वर्षांनी स्वतंत्र लेखापरीक्षण करायचं. न्यू हँपशायर तर त्याच्याही पुढे गेलं. तिथे यादीशी न जुळलेली नोंद तीन मिनिटांत पुसावी लागते.

या सगळ्याचा महाराष्ट्राशी संबंध आता रोजचा आहे. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर २०२४ पासून कॅमेऱ्यांची नवी यंत्रणा वेग, लेन आणि नंबर टिपते आहे. फेब्रुवारी २०२१ पासून टोलनाक्यावर फास्टॅग सक्तीचा आहे, म्हणजे नाका ओलांडल्याची वेळही नोंदली जाते. २०१९ पासून नव्या सार्वजनिक प्रवासी वाहनांना ठिकाण कळवणारं उपकरण लागतं. आणि १ एप्रिल २०१९ पूर्वी नोंदलेल्या जुन्या गाड्यांनाही एचएसआरपी, म्हणजे उच्च सुरक्षा नंबर प्लेट लावण्याची सक्ती झाली, तिची मुदत किती वेळा वाढली हे रांगेत उभ्या राहिलेल्यांना ठाऊक आहे. आकड्यांना वळणं देऊन ४१४१ चं ‘दादा’ करणाऱ्या प्लेटा माणसाला वाचता येत, यंत्राला येत नसत. नव्या एकसारख्या प्लेटवरचा नंबर यंत्रही बिनचूक वाचू शकेल.

नंबर बिनचूक वाचला, तरी गाडी तीच असते असं नाही. जानेवारी २०२१ मध्ये मुंबईत रतन टाटा यांच्या नावावर वाहतूक नियमभंगाची ई-चलानं आल्याचं प्रकरण गाजलं. त्यांची गाडी त्या ठिकाणी गेलीच नव्हती. पोलिसांनी कॅमेऱ्याचं चित्रण तपासलं, तेव्हा एका महिलेच्या गाडीवर टाटांच्या गाडीचा नंबर लावलेला निघाला. पोलिसांनी छडा लावला ही चांगली गोष्ट. पण टाटांच्या पाठीशी कार्यालय होतं, पत्रव्यवहार करणारी माणसं होती. नाशिकच्या भाजीवाल्याच्या टेम्पोला कधी न पाहिलेल्या शहरातलं चलान आलं, तर त्याने दिवसाची मजुरी बुडवून कुठल्या कचेरीचे उंबरे झिजवायचे?

चलानाची चूक पैशाने तरी निस्तरता येते. अमेरिकेत कोलोरॅडोतल्या ऑरोरा शहरात ऑगस्ट २०२० मध्ये पोलिसांनी एका आईला आणि तिच्याबरोबरच्या चार मुलींना पिस्तुलं रोखून गाडीतून उतरवलं आणि तापलेल्या डांबरावर पालथं झोपवलं. सगळ्यांत धाकटी सहा वर्षांची. दोघी मुलींना बेड्या घातल्या. त्यांच्या गाडीचा नंबर चोरीच्या गाडीशी जुळला होता, पण चोरीला गेली होती मोटरसायकल, तीही माँटाना राज्यातली. प्लेटवर राज्याचं नाव आहे आणि समोर चार चाकं आहेत, एवढं पाहण्याचे कष्ट कुणी घेतले नाहीत. २०२४ मध्ये शहराने १९ लाख डॉलर देऊन प्रकरण मिटवलं. सहा वर्षांच्या पोरीच्या मनात पोलिसांविषयी जे बसलं, ते कुठल्या रकमेने निघणार?

भारतात सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचं एकमताने सांगितलं. या हक्काला मुरड घालायची तर त्याला कायद्याचा आधार हवा, हेतू रास्त हवा आणि उपाय हेतूच्या प्रमाणात हवा, हे त्याच निकालातून आलं. जुलै २०२४ मध्ये याच न्यायालयाने, जामिनावर सुटलेल्या आरोपीने गूगल मॅपवर आपलं ठिकाण तपास अधिकाऱ्याला सतत दाखवत राहावं, ही अट रद्द केली. खटला अमली पदार्थांचा होता, तरीही. ज्याच्यावर आरोप आहे त्याला एवढं संरक्षण असेल, तर ज्याच्यावर आरोपच नाही त्याच्या फिरण्याचा हिशेब किती दिवस जपून ठेवायचा, हा प्रश्न अगदी सरळ आहे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याकडे मात्र त्यासाठी फार आशेने पाहता येत नाही. गुन्ह्यांचा तपास आणि प्रतिबंध यांना त्याने बऱ्याच तरतुदींतून मोकळं ठेवलं आहे, आणि सरकारी यंत्रणांना अधिसूचना काढून वगळण्याची सोयही त्यात आहे.

एक गोष्ट इथल्या पोलिसांना कुणी शिकवायला नको. ठाण्यात कोण आलं, कोण गेलं, कुठला अंमलदार किती वाजता बाहेर पडला, याची स्टेशन डायरी त्यांच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या लिहिली जाते, आणि न्यायालयात साक्षीला उभं राहिलेल्या अधिकाऱ्याला तिच्यातली एक खाडाखोडही महागात पडू शकते. गाडीचा नंबर यंत्रात टाकणाऱ्या प्रत्येक बोटाचीही तशीच डायरी असावी, एवढंच मागणं आहे. ती वरिष्ठाने पाहावी आणि वर्षातून एकदा खात्याबाहेरच्या कुणीतरी पाहावी.

तोवर नागरिकाच्या हाती माहितीचा अधिकार आहे. केंद्राचा कायदा २००५ चा. महाराष्ट्राने त्याआधीच, २००२ मध्ये आपला स्वतःचा कायदा केला होता. केंद्राच्या कायद्याचं चौथं कलम सांगतं की कारभाराची माहिती खात्याने कुणी मागण्याची वाट न पाहता जाहीर करावी. ती जाहीर झालेली नसेल, तर दहा रुपयांचा स्टँप लावून साध्या कागदावर अर्ज करता येतो. आपल्या शहरात नंबर वाचणारे कॅमेरे किती? गुन्ह्याशी संबंध नसलेली नोंद किती दिवसांनी पुसली जाते, आणि तसा लेखी आदेश आहे का? गेल्या वर्षी किती शोध घेतले गेले, किती अधिकाऱ्यांना ती परवानगी आहे, आणि गैरवापराबद्दल कुणावर कारवाई झाली का? या प्रश्नांत कुणाच्याही गाडीचा ठावठिकाणा विचारलेला नाही आणि चालू तपासाचा धागाही उघडा पडत नाही, त्यामुळे नकार द्यायला सबळ कारण उरत नाही. उत्तर ३० दिवसांत यायला हवं. आलं नाही तर पहिलं अपील त्याच खात्यातल्या वरिष्ठांकडे आणि दुसरं राज्य माहिती आयोगाकडे करता येतं.