सरकारी शाळांचे अनुदान : एका व्यापाऱ्याच्या नजरेतून
(सुवर्णमहोत्सवी समारंभातील भाषण)



मी शिक्षणतज्ज्ञ नव्हे. वाणिज्य शाखेचा पदवीधर आणि चार दशके कापडाच्या गादीवर बसलेला माणूस. शाळेत गेलो तरी माझी दृष्टी प्रथम जमाखर्चाच्या वहीकडेच वळते, ही मर्यादा आपण समजून घ्यावी.

आपल्या पेठेमागील सरकारी प्राथमिक शाळेत एके काळी शंभराहून अधिक मुले होती. आज सत्तावीस उरली आहेत. चौथीतील काहींना दुसरीचा धडा सलग वाचता येत नाही. सरकार पैसा देते ना, असे मी मुख्याध्यापकांना विचारले, तेव्हा त्यांनी हिशेबाची वहीच पुढे ठेवली.

'समग्र शिक्षा' ही योजना २०१८ साली सुरू झाली. तिच्या २०२१ ते २०२६ या कालावधीच्या आराखड्यात शाळेचे वार्षिक संयुक्त अनुदान पटसंख्येवर ठरविले गेले. पट तीसपर्यंत असल्यास १०,००० रुपये, शंभरपर्यंत २५,०००, अडीचशेपर्यंत ५०,०००. जशी विक्री तशी दलाली, हा आमच्या बाजाराचा न्याय झाला. शाळा दुबळी होते तसा पट घटतो आणि पटाबरोबर अनुदानही घटते. वीजबिल, खडू, किरकोळ दुरुस्ती सारे त्यातूनच. शिवाय किमान दहा टक्के स्वच्छतेसाठी. या शाळेच्या खात्यात तर ती रक्कम मार्चच्या तोंडावर जमा झाली होती. गणवेशाच्या दोन जोडांना ६०० रुपये, यावर कापडवाल्याने न बोललेलेच बरे!

मग दुबळ्या शाळांना भरघोस पैसा द्यावा काय? अमेरिकेने २००९ पासून तेही करून पाहिले. सर्वांत मागे पडलेल्या शाळांना तीन वर्षे, वर्षाला २० लाख डॉलरपर्यंत. अनेक ठिकाणी मुख्याध्यापक बदलले, शाळेचे तास वाढविले. परंतु तेथील शिक्षण खात्याच्याच २०१७ च्या मूल्यमापनात मुलांच्या गुणांवर लक्षणीय परिणाम आढळला नाही. हे वाचून मी काही दिवस अस्वस्थ होतो. सॅन फ्रान्सिस्कोतील अशा शाळांत मात्र प्रगती दिसून आली. तेथे चांगले शिक्षक टिकवून धरण्यावर आणि त्यांना पाठबळ देण्यावर भर होता.

आता घरचे बोलतो. सुवर्णमहोत्सवानिमित्त या शाळेला दगडी कमान बांधून द्यावी, असा ठराव आपल्यापुढे आहे. त्याला अनुमोदन देणारा मीच. ते अनुमोदन मी आज मागे घेत आहे. कमानीच्या अंदाजपत्रकाएवढ्या रकमेत, माझ्या हिशेबाने, पेठेतील एका डी.एड. झालेल्या भगिनीस दोन वर्षे मानधन देता येईल. रोज दोन तास या सत्तावीस मुलांजवळ बसून तिने वाचन करून घ्यावे. मानधनावर देणगीदारांची नावे कोरता येत नाहीत, ही अडचण मी जाणतो.

माझा वाटा आजच कार्यवाहांकडे जमा केला आहे. दुपारी साडेचारनंतर एक खोली मोकळी असते, असे मुख्याध्यापकांनी कळविले आहे.