भरल्या विहिरीची शिस्त
(नगर जिल्ह्यातील कर्जत येथील वसंत व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



'शिस्त आणि स्वयंशिस्त' हा विषय चिटणीसांनी मला कळविला, तेव्हा माझ्या मनात प्रथम संकोचच उत्पन्न झाला. ज्या तालुक्यात पाऊस पाच-सहाशे मिलिमीटरांच्या पुढे सहसा जात नाही, ज्या तालुक्याने १९७२ च्या दुष्काळात सरकारी कामांवर जाऊन खडी फोडली, आणि ज्याच्या वाट्याचे कुकडी प्रकल्पाचे पाणी डाव्या कालव्याने जुन्नर, पारनेर, श्रीगोंदे अशी मजल दरमजल करीत, वाटेत बरेचसे झिजून येथवर पोहोचते, तेथील लोकांना संयमाचा पाठ देण्यासाठी बाहेरगावचा वक्ता आणावा, यात काहीसा औद्धत्याचा अंश आहे असे मला वाटले. मी शेतकरी नाही. माझ्या घरी पाणी नगरपालिकेच्या नळाने येते, आणि ते येते तेव्हा ते कोठून आले याचा विचार मी करीत नाही, हेही येथेच सांगून टाकतो. परंतु पुढे विचार करता असे दिसू लागले, की टंचाईने लावलेली शिस्त टंचाईबरोबरच निघून जाते. आड कोरडा पडला म्हणजे पोहरा जपून ओढण्यात कसले पुण्य? ज्या वर्षी हस्त भरभरून पडतो आणि विहिरीचे पाणी काठाला हात लावते, त्या वर्षी माणूस कसा वागतो, एवढाच प्रश्न आज मी आपणांपुढे मांडणार आहे.

शिस्त म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे छडी, कवाईत आणि हुकूमनामा उभा राहतो. या बाह्य शिस्तीची मी निर्भर्त्सना करणार नाही. तिच्यावाचून कालवा एक दिवस चालावयाचा नाही. १८७९ चा मुंबई इलाख्याचा पाटबंधारे कायदा आणि त्याची जागा घेणारा १९७६ चा महाराष्ट्राचा कायदा यांनी पाण्याचा अर्ज, मंजुरी, शेजपाळी, पाणीपट्टी आणि चोरून घेतलेल्या पाण्याचा पंचनामा अशी सारी व्यवस्था लावून दिलेली आहे. आवर्तन, म्हणजे कालव्याच्या पाण्याची पाळी, शेवटाकडून सुरू करून वर यावे, ज्याला येथे सर्वजण 'टेल टू हेड' म्हणतात, तो दंडकही कागदावर आहे. तथापि मध्यरात्री चारीच्या दाराशी कोण उभा असतो, हे कर्जतकरांना मी सांगावयास नको. पाटकरी एक आणि चाऱ्या अनेक! जेथे नजर पोहोचत नाही तेथे ही शिस्तही पोहोचत नाही, हा तिचा दोष नसून तिचा स्वभाव आहे. आणीबाणीत कचेऱ्यांमधून कारकून वेळेवर येऊ लागले याचे कौतुक करणारे पुष्कळ होते. भय ओसरल्यावर ती वक्तशीरता किती उरली, याचा शोध मात्र त्यांपैकी फारसा कोणी घेतला नाही.

याच्या अगदी उलट टोकाला वारी आहे. आषाढ वद्य एकादशीस येथे सद्गुरू गोदड महाराजांचा रथ ओढला जातो, आणि त्याआधी निवृत्तिनाथांची पालखी त्र्यंबकेश्वराहून निघून मिरजगाववरून याच तालुक्यातून पंढरीस जाते. तेव्हा वारीचे वर्णन येथे करणे अनावश्यक आहे. एका गोष्टीकडे मात्र लक्ष वेधतो. ज्ञानेश्वर माउलींच्या पालखीसोहळ्याला आजची घडी घालून देणारे हैबतबाबा आरफळकर हे शिंद्यांच्या पदरचे सरदार होते. रथापुढील आणि रथामागील दिंड्यांचे क्रमांक, अंकलीच्या शितोळे सरकारांचे अश्व, निघण्याची इशारत देणारा कर्णा, ही सारी लष्करी तळावरची रीत. पण लष्करातील शिक्षा तेवढी त्यांनी मागे ठेवली. समाजआरतीच्या वेळी चोपदाराने दंड उंचावला की क्षणार्धात टाळ थांबतात, आणि न थांबणाऱ्यास कोणतेही कलम लागू होत नाही. हे होते, कारण चालणाऱ्याला जे हवे आहे ते त्या ओळीत चालूनच मिळते. इतके असूनही मला वाटते, की वारीची शिस्त कितीही हृद्य असली तरी ती मुदतीची आहे. द्वादशीला उपवास सुटतो, वारकरी गावी परततो, आणि बांधावरून भावाशी चाललेला दावा जेथे थांबला होता तेथूनच पुढे चालू होतो. दावे आणि दिंड्या एकाच माणसाच्या आयुष्यात सुखाने नांदताना मी पाहिलेल्या आहेत!

वर्षाचे बारा महिने टिकणारी शिस्त पाहावयाची असेल, तर आपल्याच जिल्ह्यातील दोन गावांकडे वळावे लागेल. पारनेर तालुक्यातील राळेगणसिद्धीत अण्णा हजारे लष्करातून निवृत्त होऊन १९७५ साली परतले. पाणलोटाची कामे, श्रमदान, दारूबंदी यांनी ते गाव बदलले, हे सर्वश्रुत आहे. मद्यपींना देवळापाशी खांबाला बांधून फटके दिल्याचेही अण्णांनी स्वतःच जाहीरपणे सांगितलेले आहे. गावाचे कल्याण झाले हे मान्य करूनही ती रीत मला रुचत नाही. ज्या पाठीवर फटका बसला त्या पाठीच्या धन्याने दारू सोडली असेल. पण ती त्याने सोडली, की त्याच्याकडून सुटली?

दुसरे गाव नगर तालुक्यातील हिवरे बाजार. येथे मी जरा रेंगाळणार आहे. १९७२ नंतर या गावाची दैना झाली. डोंगर उघडे पडले, माणसे पोटासाठी परागंदा झाली, दारूच्या भट्ट्या लागल्या. १९८९ साली पोपटराव पवार सरपंच झाले, आणि कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, नशाबंदी, नसबंदी आणि श्रमदान ही पंचसूत्री गावाने स्वीकारली. डोंगरउतारावर समतल चर खोदले, ओढ्यांवर बंधारे घातले, आणि ४०० मिलिमीटरांच्या आसपास पाऊस पडणाऱ्या त्या गावात विहिरींचे पाणी वर आले. या गावावरचे नियतकालिकांतील लेख बहुधा येथे संपतात. माझ्या मते कसोटीला खरा आरंभ येथूनच झाला.

पाणी वर आल्यावर काय होते, हे महाराष्ट्रातील शेकडो गावांनी दाखवून दिलेले आहे. पहिल्या वर्षी आनंद, दुसऱ्या वर्षी ऊस, तिसऱ्या वर्षी बोअर, आणि त्यानंतर टँकर. हिवऱ्याने ऊस आणि केळी ही फार पाणी पिणारी पिके घ्यावयाची नाहीत, आणि बोअरवेल पिण्याच्या पाण्याखेरीज शेतीसाठी घ्यावयाची नाही, असे ठरविले. शिवाय पावसाळा संपला की पडलेल्या पावसाची मोजणी करून पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेपुढे ठेवावयाचा. माणसांच्या आणि गुराढोरांच्या पिण्याचे पाणी प्रथम बाजूला काढावयाचे, आणि उरलेल्यावर रब्बीचा व उन्हाळी पिकांचा हिशोब बसवावयाचा. पाऊस उणा झाला, तर ज्या पिकाला पाणी पुरणार नाही ते पीक गावानेच सोडावयाचे. स्वतःच्या विहिरीत पाणी दिसत असता, दर चांगला असता, शेजारच्या शिवारात ऊस डोलत असता, मोटारीच्या बटणाकडे हात न जाऊ देणे ही सोपी गोष्ट नव्हे.

येथेच मला स्वयंशिस्तीविषयीच्या एका रूढ कल्पनेशी भांडावयाचे आहे. ब्राह्ममुहूर्ती उठावे, जिव्हेवर ताबा ठेवावा, रोजनिशी लिहावी, अशी व्यक्तिगत सद्गुणांची एक जंत्री आपण स्वयंशिस्त म्हणून मुलांना पढवितो. ती वाईट आहे असे नाही. पण भूगर्भातील पाण्याला सात-बाऱ्याचा उतारा नसतो. मी एकट्याने संयम केला आणि शेजाऱ्याने दोनशे हात खाली बोअर नेली, तर माझे राखलेले पाणी त्याच्या उसाला जाते, आणि माझा सद्गुण हा माझा नादानपणा ठरतो. पुढल्या वर्षी मीही यंत्र बोलावतो, आणि त्याबद्दल मला दोष देणाऱ्याने आधी माझ्या पोराबाळांचे पोट भरावे. एकट्याच्या निग्रहाला शेजाऱ्याच्या निग्रहाचा जामीन लागतो. हिवऱ्यात तो जामीन ग्रामसभा देते. कोणाच्या शेतात काय उभे आहे हे सर्वांना दिसते, आणि नियम करताना प्रत्येकाचा हात वर झालेला असतो. उलट २००९ च्या महाराष्ट्र भूजल अधिनियमाने शेतीसाठी साठ मीटरांहून खोल विहिरीस मनाई केलेली असताही, त्याच्या कितीतरी पट खोल जाणाऱ्या यंत्रांचा खडखडाट रात्री-अपरात्री कोणत्या गावात ऐकू येत नाही? कायदा मुंबईत झाला. त्यासाठी कोणाचा हात वर झाला होता, हे शिवारातल्या माणसाला ठाऊक नाही.

जुन्या काळी हे मर्म जाणणारे लोक होते. धुळे-नाशिककडे पांझरेच्या आणि मोसमेच्या काठी कित्येक शतके चालत आलेल्या फडपद्धतीत बंधाऱ्याखालची जमीन फडांत विभागलेली असे, एका फडात एकच पीक घ्यावयाचे असे, आणि शक्यतो प्रत्येक बागायतदाराची पट्टी निरनिराळ्या फडांत असे. त्यामुळे कोणत्या फडाला यंदा पाणी नाही याचा निर्णय कोणा एकाच्या मुळावर येत नसे. पाटकरी, हवालदार आणि जागले गावाने नेमलेले, गावाच्या धान्यावर पोसलेले. रोजचे पाणीवाटप सरकारी अंमलदारावाचून चाले. मोह पडूच नये अशी नव्हे, तर मोहाला बळी पडून फारसे काही हाती लागू नये अशी ती रचना होती, आणि मनुष्यस्वभावाची इतकी जाण मला पुष्कळशा नीतिग्रंथांतही आढळलेली नाही. ही पद्धती खिळखिळी झाली ती पुष्कळ अंशी तेव्हा, जेव्हा विहिरीवर विजेची मोटार बसली, ज्याचे पाणी त्याच्या बांधावर आले, आणि शेजाऱ्यावाचून अडेनासे झाले.

हिवरे बाजारलाही ही चिंता चुकलेली नाही. तेथील आजच्या तरुणांनी उघडा डोंगर पाहिलेला नाही. त्यांना नियम ठाऊक आहे, त्याचे कारण केवळ ऐकून ठाऊक आहे. म्हणून दरवर्षीचा तो ताळेबंद मला पंचसूत्रीहूनही मोलाचा वाटतो. वाडवडिलांचा नियम नातवाला आपल्या हाताने पुन्हा करावयास लावणारी ती युक्ती आहे. आपल्या तालुक्यात अशी सभा बहुधा चैत्रात, घागरींची रांग लागल्यावर भरते, आणि तेव्हा वाटून घ्यावयास काहीच उरलेले नसते. ती कार्तिकात भरावी, आणि तीही ज्या वर्षी पाऊस चांगला झाला व कुकडीचे आवर्तनही वेळेवर मिळाले त्याच वर्षी. पर्जन्यमापकाचा आकडा आरंभी वाचून दाखवावा, आणि ज्याच्या विहिरीला गावात सर्वांत अधिक पाणी आहे त्याला प्रथम बोलू द्यावे.