क्रिएटिनची भुकटी आणि आपले खेळाडू



आपल्या वसतिगृहातील एका कबड्डीपटू विद्यार्थ्याने शिष्यवृत्तीच्या पैशातून क्रिएटिन नावाच्या पांढऱ्या भुकटीचा डबा घेतला, यावरून कार्यकारी मंडळात बराच खल झाला, हे आपण जाणताच. पुढे त्याच्या रक्तात क्रिएटिनिन वाढलेले आढळले व वडील रात्रीच्या गाडीने धावत आले. मूत्रपिंडे बिघडली असावीत, असे त्यांना सांगण्याची घाई आम्हीच केली. ती चूक येथे कबूल करतो.

हा पदार्थ काही नवा नव्हे. शेव्रल या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने तो १८३२ साली मांसात शोधला. आपले शरीरही तो रोज सुमारे एक ग्रॅम घडविते. मांस-मासळीतून आणखी मिळतो. शाकाहारी माणसाच्या स्नायूंत त्याचा साठा बहुधा कमीच असतो. स्नायू ज्या एटीपी नामक इंधनावर चालतो, ते जोराच्या श्रमात दोन-तीन सेकंदच पुरेल इतके असते. ते तत्काळ पुन्हा भरून देण्याचे काम क्रिएटिन करते; मात्र हा आधारही दहाएक सेकंदांपुरताच. १९९२ साली हॅरिस व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखविले, की पाच-पाच ग्रॅम दिवसातून चार ते सहा वेळा, असे काही दिवस दिल्यास स्नायूंतील साठा वाढतो. त्यानंतरच्या पुष्कळ प्रयोगांत, थोड्या विसाव्याने पुन:पुन्हा कराव्या लागणाऱ्या जोरकस श्रमात त्याचा लाभ आढळला. लाभ माफक, पण खरा. लांब पल्ल्याच्या धावकाला मात्र तो फारसा नाही. उलट शरीरात पाणी साठून वजन किलो-दोन किलोने वाढते, ते ओझे निराळेच!

कबड्डीची चढाई ३० सेकंदांची. झटापट, क्षणभर विसावा, पुन्हा झटापट. तेव्हा मुलाचा हिशेब अगदीच खुळा नव्हता. रोज तीन ते पाच ग्रॅम घेतले, तरी महिनाभरात तोच साठा होतो. महागड्या मिश्रणांची गरज नाही. क्रिएटिन निषिद्ध द्रव्यांच्या यादीत नाही, पण भेसळीच्या डब्यात निषिद्ध द्रव्य निघाले, तर दोष खेळाडूच्याच माथी येतो. मूत्रपिंडाचा विकार असलेल्याने तर हे वैद्यांना विचारल्यावाचून घेऊच नये.

आता त्या तपासणीविषयी. क्रिएटिनचे विघटन होऊन क्रिएटिनिनच बनते. भुकटी घेणाऱ्याच्या, किंवा पिळदार देहाच्या माणसाच्या, रक्तात ते मूत्रपिंडे निरोगी असूनही वाढलेले दिसू शकते. आम्ही मुलाला डब्याविषयी विचारलेच नव्हते. भुकटी बंद करून काही आठवड्यांनी पुन्हा तपासले, तेव्हा आकडा उतरला होता. लघवीतही दोष नव्हता.

वडिलांनी एवढेच विचारले, “डॉक्टरसाहेब, आमच्या दुधातुपात हे नव्हते काय?” दुधात ते नाममात्रच असते, असे आम्ही सांगितले. त्यांनी मान खाली घातली. पुत्राच्या पोषणात आपण उणे पडलो असे त्यांना वाटले असावे. तसे मुळीच नव्हते, आणि हेही त्यांना सांगावयास आम्हांस उशीरच झाला.

शिष्यवृत्ती बंद करण्याचा ठराव आज सभेपुढे येईल. आमचे मत त्याविरुद्ध नोंदवावे, ही विनंती.