अनुदान कोणाच्या नावावर?



अध्यक्षपदाचा मान दिलात, आभारी आहे. परिषद मुंबईतल्या आरे दूध वसाहतीत भरवलीत, हे त्याहून बरे केलेत. शेती अनुदानाची वाट नेमकी कुठे अडते, हे इथे उभे राहिले की लगेच दिसते.

मुंबईचे दूध आयुक्त दारा खुरोडी यांनी १९४९ साली शहरातले तबेले इथे हलवायला घेतले आणि १९५१ साली पंडित नेहरूंनी वसाहतीचे उद्घाटन केले. जमीन सरकारची, म्हशी तबेलेवाल्यांच्या. त्याआधीपासून इथे आदिवासींचे पाडे आहेत : नवशाचा पाडा, खांबाचा पाडा, जीवाचा पाडा. पावसाळ्यात तिथे आजही भात लावतात, काकडी-शिराळी पिकवतात.

आता राज्य सरकारचे २०२४ सालचे दूध अनुदान पाहा. लिटरमागे ५ रुपये, थेट उत्पादकाच्या खात्यावर. पण फक्त गायीच्या दुधाला. आरेचा म्हैसवाला पहिल्याच अटीत बाद. त्याला कारण होते, हे मान्य. भुकटी-लोण्याचे भाव पडले की मार गायीच्या दुधाला बसतो; म्हशीचे दूध शहरात खपून जाते. पण सरकी पेंड महागते तेव्हा ती गाय-म्हैस बघून महागत नाही.

बरे, गायवाल्याचे तरी सुरळीत झाले का? जनावराच्या कानात बारा आकडी पिवळा बिल्ला हवा होता, तो आधारला जोडलेला हवा होता, आधार बँक खात्याला. गायीने दाव्याला मान घासताना बिल्ला तुटला, किंवा डेअरीवर माहिती भरताना एक आकडा चुकला, की दूध घालूनही अनुदान लटकायचे. शिवाय जुलै २०२४ मध्ये दूध संघांनी ३० रुपये द्यायचे आणि सरकारने ५, असे ठरले. ऑक्टोबरपासून संघांचे २८ आणि सरकारचे ७. अनुदान दोन रुपयांनी वाढले, शेतकऱ्याच्या हाती मात्र तेच ३५. वाढलेले दोन रुपये कोणाच्या पदरात पडले, हा हिशेब या परिषदेने मागितला पाहिजे.

पाड्यांवरची गोष्ट आणखी सरळ आहे. पीएम किसानचे वर्षाला ६,००० आणि राज्याच्या नमो शेतकरी योजनेचे ६,००० मिळतात ते जमीन नावावर असणाऱ्याला. सरकारी जमिनीवर पिढ्यान्‌पिढ्या भात लावणाऱ्याकडे सातबारा येणार कुठून? २००६ च्या वनहक्क कायद्याखालचा पट्टा पीएम किसानला चालतो. पण तो पट्टा हाती पडेपर्यंत घाम गाळणारा माणूस सरकारी यादीत शेतकरी ठरत नाही. हीच गत राज्यभरातल्या खंडकऱ्यांची आणि नवऱ्याच्या नावच्या रानात राबणाऱ्या बायकांची.

अनुदान बंद करा, असे म्हणणाऱ्यांतला मी नाही. ते मालकीला न मिळता उत्पादनाला मिळावे, एवढेच माझे म्हणणे आहे. त्यासाठी तीन ठराव मांडतो. एक, कसणाऱ्याची नोंद सहायक कृषी अधिकाऱ्याने बांधावर येऊन, पीक पाहून करावी. दोन, बिल्ल्याच्या किंवा आकड्याच्या चुकीपायी अडलेले अनुदान दूध संकलनाच्या पावतीवर मोकळे करावे. तीन, अनुदान जाहीर होताना संघांचा खरेदीदर कमी करता येणार नाही, अशी अट आदेशातच घालावी.

तिन्हींवर आज चर्चा करा, दुरुस्त्या सुचवा, नापसंत असेल ते खोडा. पण मंजूर होईल त्याचा पाठपुरावा कोण करणार, त्यांची नावे ठरवूनच सभागृह सोडा.