वही, मत आणि ब्लॉकचेन



१२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांवर हल्ला केला आणि कर्जरोखे व हिशेबाच्या वह्या जाळल्या. वही ज्याच्या पेटीत, त्याच्या मुठीत आपले शेत, हे त्यांना पुरते उमगले होते. ब्लॉकचेनचे आकर्षण समजून घ्यावयाचे ते येथूनच. ही वही एकाच्या पेटीत नसते. तिच्या प्रती असंख्य संगणकांवर असतात, प्रत्येक नोंद मागील नोंदीशी गणिताने जखडलेली असते. गुपचूप खाडाखोड करणे अतिशय कठीण. श्रमिकांच्या चळवळीने या गुणाकडे पाहून नाक मुरडण्याचे कारण नाही.

परंतु वही सुरक्षित झाली म्हणजे सत्ता लोकांच्या हाती आली, असे मानणे हा भाबडेपणा होय. २०१६ च्या एप्रिलअखेर इथेरियम या ब्लॉकचेनवर ‘द डाओ’ हा सामूहिक निधी उभा राहिला. संचालक मंडळ नाही. सारे निर्णय भागधारकांच्या मतांनी आणि संगणकाच्या आज्ञावलीने व्हावयाचे. सुमारे १५ कोटी डॉलर जमले. मात्र आज्ञावलीत एक उणीव होती: खात्यातील शिल्लक वजा होण्यापूर्वीच तीच रक्कम पुन्हा पुन्हा काढता येत असे. १७ जूनला कोणीतरी अशा रीतीने सुमारे ३६ लाख इथर वळते केले. ‘आज्ञावली हाच कायदा’ म्हणणाऱ्यांपुढे पेच पडला. त्यांच्या कायद्याप्रमाणे तर चोरी झालीच नव्हती! अखेर २० जुलैला बहुसंख्यांनी नियम बदलून पैसे परत मिळविण्याची वाट केली. ज्यांना ते अमान्य होते, त्यांनी जुनी साखळी ‘इथेरियम क्लासिक’ या नावाने चालू ठेवली. माणसांनी बसून निवाडा करण्याची वेळ आलीच. आणि त्यासाठी जे मत अजमावले गेले, ते माणशी नव्हे, तर जवळ असलेल्या इथरच्या प्रमाणात.

आजही अशा अनेक संस्थांत मताचे वजन टोकनांच्या संख्येवर ठरते. म्हणजे भांडवलदारी कंपनीच ही, फक्त अध्यक्षाची खुर्ची रिकामी! १८४४ मध्ये रॉचडेलच्या श्रमिकांनी सुरू केलेल्या सहकारी दुकानातून ‘एक सभासद, एक मत’ हे तत्त्व जगभर गेले. ते ब्लॉकचेनवर आणणे अवघड आहे, कारण निनावी जाळ्यात एकच माणूस हजार खाती उघडू शकतो. सभासद कोण, हे कोणीतरी ओळखून, पडताळून ठरवावेच लागते, आणि ते काम यंत्राचे नाही. रॉचडेलच्या पहिल्या २८ सभासदांना ही अडचण आली नाही. ते एकमेकांना चेहऱ्याने ओळखत होते.