शेंड्याची सत्ता

तुळशीची मंजिरी खुडली की बगलेतून नवे फुटवे येतात, हे घरोघरी ठाऊक आहे. शेंडा असेतो बगलेतले डोळे निजलेले असतात. खुडलेल्या जागी ‘ऑक्सिन’ हे द्रव्य लावले, तर शेंडा नसूनही ते निजूनच राहतात, असे थिमन व स्कूग यांनी १९३३ साली दाखविले. शेंड्याची सत्ता ती हीच.

पण नारळाला, ताडाला वाढीचा कोंब एकच. तो छाटला की झाड संपले! आपल्या भिवंडीजवळच्या पूर्णा गावी गोदामे वाढली, झाडे थोडी उरली. तारांसाठी त्यांवर कोयता चालविण्यापूर्वी आपण एवढेच विचारू या : ह्याला पुन्हा फुटायला दुसरा डोळा आहे काय?